थंडरबोल्ट फँटसी कशी पाहावी: तैवानी हातबाहुल्यांच्या दुनियेत शिरण्याची वाट

जुलै 2016 मध्ये जपानी टीव्हीवर तेरा भागांची एक मालिका सुरू झाली. तलवारबाज, शापित शस्त्रं, काळी जादू, दगाबाजी असा सगळा मसाला होता. पण पडद्यावर ना नट होते ना रेखाटलेली चित्रं. होत्या बाहुल्या. लाकूड, कापड आणि लांबसडक केसांच्या, आतून माणसाच्या हाताने चालणाऱ्या. ‘थंडरबोल्ट फँटसी’ हे तिचं नाव. कथा जपानच्या गेन उरोबुचीची, बाहुल्या आणि चित्रीकरण तैवानच्या पीली कंपनीचं. उरोबुची तैवानला गेला असताना त्याने पीलीचं प्रदर्शन पाहिलं आणि तो इतका भारावला की पुढे थेट मालिकाच लिहून बसला.

ही मालिका मी अनेकांना सुचवली आहे आणि त्यातले निम्मे पहिल्या दहा मिनिटांत उठले. कारणं ठरलेली. ‘चेहरे हलत नाहीत’, ‘नावं कळत नाहीत’, ‘हे लहान मुलांसाठी आहे का?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: अजिबात नाही. मुंडकी उडतात, रक्त फवाऱ्यासारखं उडतं. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा. पहिल्या दोन तक्रारींवर मात्र इलाज आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

पायरी पहिली: टीव्ही नव्हे, रुमाल

मालिका लावण्याआधी एक साधा रुमाल घ्या. तर्जनी सरळ वर करा, रुमाल तिच्यावर टाका, टोकाला एक सैलसर रबर लावा. हे झालं डोकं. अंगठा एका बाजूला काढा, मधलं बोट (अनामिका आणि करंगळी त्याला चिकटून) दुसऱ्या बाजूला. हे दोन हात. तैवानच्या हातबाहुलीची मूळ पकड हीच. बोटभर डोकं, दोन हात आणि मनगट म्हणजे कंबर.

आता आरशासमोर उभे राहा आणि या रुमालाला चार गोष्टी करायला लावा. होकार द्यायला तर्जनी वाकवा. नकार द्यायला बोट फिरवून भागत नाही, सगळं मनगट फिरवावं लागतं, हे लगेच कळेल. मग त्याला कुणाकडे तरी वळून बघायला लावा: आधी डोकं, मग खांदे, मग अंग. हा क्रम उलटा केला तर रुमाल मेलेला दिसतो. शेवटी त्याला नुसतं उभं ठेवा. काहीही करायचं नाही, फक्त मनगट किंचित वर, किंचित खाली. रुमाल श्वास घेऊ लागतो.

हा शेवटचा प्रकार नीट जमेपर्यंत करा. थंडरबोल्टमधली प्रत्येक बाहुली, ती बोलत नसतानाही, हेच करत असते. एकदा तुमच्या मनगटाला हे कळलं की डोळ्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. चेहरा हलत नाही म्हणून तक्रार करणारा प्रेक्षक ओठांकडे बघत बसलेला असतो. हातबाहुलीत भाव असतो मानेच्या कोनात, खांद्यात, बाहीच्या झोळात आणि मुख्य म्हणजे थांबण्यात. चेहरा स्थिर आहे म्हणूनच बाकीचं सगळं दिसतं. नटाचा चेहरा बोलका असेल तर आपण त्याच्या हातांकडे ढुंकूनही बघत नाही.

पारंपरिक बाहुली साधारण फूटभर उंचीची, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या आसपास. पीलीच्या टीव्हीवरच्या बाहुल्या त्याहून कितीतरी मोठ्या, जवळजवळ तीन फुटांच्या. इतकं ओझं नुसत्या तर्जनीवर पेलत नाही, त्यामुळे चालवणाऱ्याचा एक हात बाहुलीच्या अंगात असतो आणि दुसरा हात सळईने बाहुलीचा हात हलवतो. डोळे मिटण्यासाठी आत यंत्रणा असते. तरी मूळ तेच आहे: मनगट आणि श्वास.

पायरी दुसरी: कुठून सुरू करायचं आणि कोणत्या क्रमाने

इथे गोंधळ करू नका. मालिकेच्या मध्ये मध्ये चित्रपट आहेत आणि ते वगळले तर पुढे पात्रं ओळखीची वाटत नाहीत.

आधी 2016 चं पहिलं पर्व. मग 2017 चा चित्रपट ‘सॉर्ड ऑफ लाइफ अँड डेथ’. तो दोन तुकड्यांत आहे आणि पहिला तुकडा पहिल्या पर्वातल्या एका मारेकऱ्याची आधीची कहाणी सांगतो. तो पर्वाच्या आधी बघण्याचा मोह होईल, पण बघू नका. त्या माणसाचं गूढच जाईल. नंतर 2018 चं दुसरं पर्व, 2019 चा ‘बिविचिंग मेलडी ऑफ द वेस्ट’, 2021 चं तिसरं पर्व, 2024 चं चौथं आणि शेवट करणारा 2025 चा चित्रपट.

वेळ कमी असेल तर फक्त पहिलं पर्व बघा. ते स्वतःपुरतं पूर्ण आहे, आणि माझ्या मते लिखाण म्हणून सगळ्यात घट्टही तेच आहे. तिसऱ्या पर्वात धागे इतके पसरतात की मला वही घेऊन बसावंसं वाटलं. दुसऱ्या पर्वात मात्र संगीताची खरी मजा आहे. शीर्षकगीत गाणारा ताकानोरी निशिकावा तिथे एका वादक पात्राला स्वतः आवाज देतो.

परदेशातल्या प्रेक्षकांसाठी मालिका क्रंचीरोल या स्ट्रीमिंग ॲपवर आली. कोणतं पर्व कुठे दिसतं हे परवान्यांप्रमाणे बदलत राहतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी ॲपमध्ये नाव टाकून बघा.

पायरी तिसरी: नावांचा गुंता

बहुतेक जण अडखळतात ते इथे. पात्रांची नावं चिनी अक्षरांत आहेत. जपानी आवाज ती अक्षरं जपानी पद्धतीने वाचतात, इंग्रजी उपशीर्षकं मात्र मँडरिन उच्चार देतात. त्यामुळे कानावर एक नाव पडतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं. माणूस तोच असतो.

पहिल्या पर्वापुरती एवढी जोडी जवळ ठेवा. पाइप ओढणारा, पांढऱ्या केसांचा, गोड बोलून लोकांना गुंडाळणारा तो लिन श्युए या. कानाला ऐकू येईल ‘रिन सेत्सु आ’. विस्कटलेल्या केसांचा, सगळ्याला कंटाळलेला वाटसरू शांग बू हुआन. ऐकू येईल ‘शो फू कान’. तलवारीची राखण करणारी मुलगी दान फेई, म्हणजे ‘तान ही’. खलनायक मिए थियन हाय, म्हणजे ‘बेत्सु तेन गाय’. एका डोळ्याचा तिरंदाज शोऊ युन श्याओ, म्हणजे ‘शु उन शो’, आणि त्याच्या मागे मागे फिरणारा भालेवाला पोरगा च्युआन त्सान युन, म्हणजे ‘केन सान उन’. मारेकरी शा वू शंग, म्हणजे ‘सेत्सु मु शो’. दैत्यकुळातली बाई शिंग हाय, म्हणजे ‘केई गाय’. बाकीची नावं पाठ करायची गरज नाही, त्यातली बरीचशी फार काळ जगतही नाहीत.

नावापेक्षा वेश लक्षात ठेवा. रंग, केसांची ठेवण, हातातली वस्तू यांवरून पात्र ओळखणं ही या कलेची मूळ रीतच आहे. जुन्या खेळात देवळासमोरच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसालाही फूटभर बाहुलीवरून नायक कोण, विदूषक कोण, हे कळावं लागे. चेहऱ्याचा रंग, टोपी, अंगरखा, सगळं त्यासाठीच.

पायरी चौथी: पहिला भाग

भाग साधारण चोवीस मिनिटांचा. दिवे थोडे मंद ठेवा आणि हेडफोन घ्या, हिरोयुकी सावानोचं संगीत फोनच्या स्पीकरवर वाया जातं.

गोष्टीचा ढाचा असा: दान घराण्याकडे एक जुनी, भयंकर ताकदीची तलवार आहे, नाव थियन शिंग च्येन. ती देवळात रुतवून ठेवली आहे, आणि ती उपसायला लागणारे मुठीचे दोन तुकडे भाऊ आणि बहीण यांच्याकडे एकेक आहेत. मिए थियन हाय हल्ला करतो आणि बहीण पळते. इकडे शांग बू हुआन पावसात एका बुद्धमूर्तीजवळची छत्री उचलतो. तिथे बसलेला लिन श्युए या त्याला म्हणतो, देवाची छत्री फुकट घ्यायची नाही. वाटेत भेटेल त्या पहिल्या माणसावर दया कर. भेटते कोण, हे सांगायला नको.

हा छत्रीचा प्रसंग परत एकदा बघा, या वेळी आवाज बंद करून. शांग बू हुआन आधी थांबतो, मग मान वळते, मग हात पुढे येतो. लिन श्युए या मात्र जवळजवळ हलतच नाही. फक्त पाइप हलतो. कोण कोणाला खेळवणार आहे हे शब्द यायच्या आधी या दोन अंगांनी सांगितलेलं असतं. पहिली पायरी कशासाठी होती, ते इथे कळेल.

पहिले दोन भाग माहितीने गच्च भरले आहेत, हे मान्य करते. तिसऱ्या-चौथ्या भागापासून ती तलवार परत मिळवायला एकेक माणूस गोळा व्हायला लागतो आणि मालिका रुळावर येते. त्या प्रवासात वाटेत अडथळे आहेत, प्रत्येक अडथळ्याला वेगळं कौशल्य लागतं, म्हणून वेगळा माणूस लागतो. प्रत्येकाचा स्वतःचा डाव आहे. ‘हा कशासाठी आला आहे?’ एवढाच प्रश्न डोक्यात ठेवून पुढे जा.

पायरी पाचवी: मारामारी कशी बघायची

ही चिनी तलवारबाजांच्या कथांची दुनिया आहे, वूश्या नावाच्या परंपरेतली. तिथे माणूस झाडावरून झाडावर तरंगत जातो, तलवारीच्या वाऱ्याने खडक फुटतो. यामागे कल्पना आहे ती श्वासातून कमावलेल्या आतल्या शक्तीची. ‘हे शक्य आहे का?’ हा प्रश्न विचारायचा नाही, ‘याची शक्ती त्याच्यापेक्षा जास्त आहे का?’ हा विचारायचा. वार करण्याआधी त्या वाराचं नाव ओरडतात तेही याच परंपरेतलं.

आता तंत्र. लढाईत तीन गोष्टी एकत्र येतात. एक, खरी बाहुली खऱ्या हाताने फेकलेली आणि झेललेली. जुन्या खेळात बाहुली हवेत उडवून, गिरकी देऊन, खिडकीतून पलीकडे टाकून दुसऱ्या हाताने झेलण्याचं कसब फार मानाचं. तेच इथे कॅमेऱ्यासमोर होतं. दोन, खरी आग, खरा धूर, खरं पाणी. स्फोट होतो तेव्हा ठिणग्या बाहुलीच्या अंगरख्यापर्यंत येतात. तीन, संगणकावरची चित्रकरामत, तलवारीचे झोत वगैरे.

माझा सल्ला: डोळे केसांवर आणि बाह्यांवर ठेवा. संगणकाची किमया जुनी दिसायला लागली तरी हवेत गिरकी घेताना सुटलेले ते केस कधी जुने दिसत नाहीत, कारण त्यांना वजन आहे. आणखी एक: चौकट बहुतेक वेळा कमरेपाशी का कापली आहे ते बघा. खाली चालवणारा माणूस उभा असतो. ज्या क्षणी पूर्ण अंग, पायांसकट, जमिनीवर दिसतं तिथे जास्तीचे हात लागलेले असतात. असा प्रसंग आला की थोडं मागे जाऊन परत बघा.

पायरी सहावी: आवाज

पहिल्यांदा जपानी आवाजात बघा. लिन श्युए याला कोसुके तोरिउमी आणि शांग बू हुआनला जुनइची सुवाबे यांचा आवाज आहे, आणि त्या दोघांची जुगलबंदी हा मालिकेचा कणा आहे.

तैवानची रीत मात्र वेगळी. तिथे परंपरेने एकच माणूस सगळ्यांचे आवाज काढतो: म्हातारा, तरुणी, राक्षस, पोर, निवेदक, सगळे. पीलीच्या स्वतःच्या मालिकांना अनेक दशकं ह्वांग वन-झ यांचा एकट्याचा आवाज होता. 2022 मध्ये ते गेले. तो एक आवाज ऐकण्यासाठी पीलीच्या मूळ तैवानी मालिकेचा एखादा तुकडा जरूर शोधा. भाषा होक्क्येन, म्हणजे तैवानी बोली; आपल्याला एक अक्षर कळणार नाही, पण कोण बोलतंय ते मात्र कळतं. पात्र रंगमंचावर येताना स्वतःची ओळख कवितेच्या ओळींत सांगतं, हीही तिथली जुनी पद्धत.

पीलीची मूळ मालिका सुरुवातीपासून बघायचा बेत मात्र करू नका. ती 1980 च्या दशकात सुरू झाली, आधी व्हिडिओ कॅसेटींवर भाड्याने जायची, आणि तिचा पसारा अफाट आहे. तिथे शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. 2000 साली आलेला त्यांचा ‘लेजंड ऑफ द सेक्रेड स्टोन’ हा चित्रपट ही त्यातल्या त्यात बरी खिडकी.

मग मागे जा: ह्वांग घराणं

पहिलं पर्व संपलं की इथे या, आधी नाही. हा इतिहास आधी वाचला तर मालिका अभ्यासाची गोष्ट होऊन बसते.

हातबाहुल्यांचा हा खेळ, मँडरिनमध्ये बुदाइशी आणि तैवानी बोलीत पोतेही, चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून तैवानमध्ये आला आणि देवळांच्या उत्सवांत रुजला. खेळ देवासाठी, माणसं बघायला आली तर ठीक. युनलिन जिल्ह्यातल्या हुवेईचे ह्वांग हाय-ताय (1901 ते 2007) हे त्यातले फार मोठे नाव. त्यांच्या वयातच पाहा ना, तैवानवरची जपानी सत्ता, तिचा शेवट, लष्करी राजवट आणि लोकशाही, सगळं एका आयुष्यात. 1937 नंतर जपान्यांनी तैवानी लोकांना जपानी बनवण्याची मोहीम चालवली तेव्हा बाहुल्यांनाही किमोनो घालावे लागले.

त्यांचा मुलगा ह्वांग चुन-श्युंग याने 1970 मध्ये श्र यान-वन या नायकाची मालिका टीव्हीवर आणली. 583 भाग झाले. ती लागली की रस्ते ओस पडत, असं आजही सांगतात. 1974 मध्ये सरकारने बाहुल्यांचे कार्यक्रम टीव्हीवरून बंद केले, कारण काय तर शेतकरी-कामगारांच्या रोजच्या कामात व्यत्यय येतो! खरं दुखणं भाषेचंही होतं. सरकारला सगळीकडे मँडरिन हवी होती आणि हा नायक लोकांच्या बोलीत बोलत होता. बंदी उठल्यावर तिसऱ्या पिढीने, म्हणजे ह्वांग च्यांग-ह्वा आणि आवाजवाले ह्वांग वन-झ या भावांनी, पीली उभी केली. देवळासमोरचं लाकडी मखर सोडून त्यांनी स्टुडिओ, कॅमेरा, दारूकाम आणि मोठ्या बाहुल्या घेतल्या.

जुन्या जाणकारांना हे सगळं भडक वाटतं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तीन फुटांच्या बाहुलीत बोटांची ती नजाकत उरत नाही. ती बघायची असेल तर ली थियन-लू यांच्या परंपरेकडे जा. त्यांनी 1931 मध्ये ‘यी वान रान’ ही मंडळी काढली, आणि त्यांच्या आयुष्यावर होउ श्याओ-श्येन या दिग्दर्शकाने केलेल्या ‘द पपेटमास्टर’ या चित्रपटाला 1993 मध्ये कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. त्यांचे थोरले चिरंजीव चन शी-ह्वांग यांची नुसती बोटं दाखवणारे तुकडे यूट्यूबवर सापडतात. म्हातारा चालतो, छत्री उघडतो, पाइप ओढतो, धूर सोडतो. रुमालाचा सराव केलेला असेल तर ते बघताना घाम फुटतो.

आणि एक गंमत. 2018 मध्ये जपानच्या ताकाराझुका या सर्व स्त्रियांच्या संगीत नाट्यमंडळीने थंडरबोल्ट फँटसी रंगमंचावर आणली आणि तिचा दौरा तैवानला नेला. बाहुल्यांसाठी लिहिलेल्या पुरुषपात्रांच्या भूमिका जिवंत बायकांनी केल्या.

प्रत्यक्ष पाहायची असेल तर

तैवानला जायचा योग आला तर दोन ठिकाणं. तैपेच्या सोंगशान भागातलं पपेट्री आर्ट सेंटर, आणि ह्वांग घराण्याच्या गावात, हुवेईला, जपानी काळातल्या सरकारी इमारतीत असलेलं युनलिन हातबाहुली संग्रहालय. दुसरं गाठायला वाकडी वाट करावी लागते, पण लहान आणि मोठी बाहुली शेजारी शेजारी बघायची तर जागा तीच. देवळांच्या उत्सवाच्या दिवसांत रस्त्यात ट्रकवरचा छोटा रंगमंच दिसला तर थांबा. प्रेक्षक नसले तरी खेळ चालू असतो.

इतक्या लांब जायचं नसेल तर केरळला जा. पावकथकली हा कथकलीच्या वेशातल्या हातबाहुल्यांचा खेळ आहे; इरिंजालकुडाच्या नटनकैरळी संस्थेने तो जवळजवळ मरता मरता परत उभा केला. पकड तीच, बोटांची. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर मंडळींकडे कळसूत्री बाहुल्या आहेत, पण त्या दोऱ्यांवरच्या. तिथे बाहुली वरून लटकते, हातबाहुली खालून उभी राहते. दोन्ही एका महिन्याच्या अंतराने बघितल्या तर वजन कुठून येतं यातला फरक डोळ्यांत भरतो. पिंगुळीला जाताना आधी फोन करून खेळ ठरवून घ्या, नाहीतर बाहुल्या नुसत्या टांगलेल्या बघून परत यावं लागेल.